तुम्ही विचारलंत म्हणून: एका बुशसाठी दोन्ही बाजू का उघडायच्या?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं पुढचं सस्पेन्शन सोडवायला घेतलं की बघणारा हमखास विचारतो, "खडखड एकाच बुशची आहे, मग दोन्ही बाजू कशाला उघडताय? तेवढा बुश बदला की." विचारणं रास्तच आहे, सुटे भाग काही स्वस्त नसतात. (बुश म्हणजे दोन भागांच्या जोडात बसणारी, झिजणारी रबराची किंवा धातूची नळी.)

माझं उत्तर या गाडीच्या बांधणीत आहे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं एमजीबी बनत राहिली, पण तिच्या पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) जुळवायची सोयच नाही. जुळवता येतं ते फक्त टो-इन, म्हणजे दोन चाकं मागच्यापेक्षा पुढे किती जवळ आहेत ते. बाकीचे कोन भागांच्या मापावरच ठरतात. बुश झिजला की कोन बिघडला, आणि अलाइनमेंट करणाऱ्याने फिरवावा असा नट तिथे नाहीच. मग एका बाजूला नवे बुश आणि दुसऱ्या बाजूला थकलेले असले, तर दोन चाकं दोन तऱ्हांनी उभी राहतात आणि स्टिअरिंग एकीकडे ओढू लागतं.

शॉकचंही तसंच. या गाडीत लिव्हर शॉकचे, म्हणजे दांड्यांनी चालणाऱ्या तेलाच्या धक्काशोषकाचे, दांडेच वरच्या विशबोनचं (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दुबेळक्यासारख्या भागाचं) काम करतात. त्याच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) आला असेल, तर नुसतं तेल भरून चाक जागेवर येणार नाही. अशा वेळी मी नीट दुरुस्त केलेला शॉकच बसवतो.

सगळ्यात जास्त वेळ मी किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनला, देतो. चाक उचलून वर-खाली हलवायचं आणि त्याच वेळी कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा; तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा खालच्या जोडाचा. किंगपिनचे बुश नुसते ठोकून बसवायचे नसतात. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीमरने (भोक आतून तासणाऱ्या हत्याराने) मापात आणावे लागतात. तसा रीमर हाताशी नसेल तर तयार जोडणीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात. ग्रीस भरताना चाकं अधांतरी ठेवा, म्हणजे ज्या पृष्ठांवर एरवी गाडीचा भार असतो तिथेही ते पोचतं.

स्प्रिंग सोडवताना घाई नकोच. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतका जोर असतो. स्प्रिंग पॅन, म्हणजे स्प्रिंगखालची बशी, जॅक आणि लांब आट्यांच्या बोल्टांवर पेलून मी इंच-इंच खाली घेतो.

खालच्या विशबोनला मी याच गाडीच्या आठ सिलिंडरच्या व्ही-एट मॉडेलचे, धातूची नळी असलेले रबरी बुश घालतो. पॉलियुरेथेन हे कडक प्लास्टिक टिकाऊ असतं, पण रस्त्याची प्रत्येक खाच हातापर्यंत पोचवतं. हे रबर फिरत नाही, पिळलं जातं. म्हणून त्याचे नट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून बसू द्या, मगच आवळा. नाहीतर नवा बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. सगळ्यात शेवटी टो-इन, १.६ ते २.४ मिलिमीटर.

दुसऱ्या बाजूचा किंगपिन खरोखरच घट्ट निघाला, तर मी तोच परत बसवतो. पण उघडून, पुसून, तपासून आणि ताजं ग्रीस भरूनच.