क्यूआरचा स्टिकर खरवडून काय होणार?

जुलै २०२५मध्ये बंगळुरूतल्या चहाच्या टपऱ्यांवर आणि बेकऱ्यांवर एकाएकी कागद झळकले: 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने पेमेंट कंपन्यांकडून २०२१-२२पासून यूपीआयने जमा झालेल्या रकमांची माहिती मागवून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. ओरड झाली, सरकारने जुन्या बाकीचा आग्रह सोडला, जीएसटी नोंदणी मात्र करा म्हणाले. जीएसटीचा कायदा महाराष्ट्रातही तोच आहे, त्यामुळे हिशेब समजून घेतलेला बरा.

फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल, म्हणजे दिवसाला साधारण ११ हजारांचा गल्ला. सेवेसाठी २० लाख. बसून खायचा वडापाव आणि चहा कायद्याच्या लेखी सेवेत मोडतो. १० रुपयांचा कप धरला तर रोज ५४८ कप झाले की २० लाख भरतात. स्टेशनबाहेरच्या टपरीला हे काही फार नाही.

यातली खरी मेख काउंटरवर असते. तंबाखूचा माल, पानमसाला किंवा आइस्क्रीम विकणाऱ्याला ४० लाखांची सवलत नाही, त्याची मर्यादा २० लाखच. म्हणजे किराणा दुकानात गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ठेवलेलं सिगारेटचं पाकीट मर्यादा थेट निम्मी करतं. दुसरी मेख भाजीवाल्याची. नुसती ताजी भाजी विकली तर माल करमुक्त, कितीही विका, नोंदणी नको. पण बाजूला कोल्ड्रिंकचा फ्रीज आला की भाजीची विक्रीसुद्धा एकूण उलाढालीत धरली जाते. कर फक्त कोल्ड्रिंकवर, पण मर्यादा मोजायची दोन्ही मिळून.

नोटिशीतला आकडा एवढा फुगतो कसा? समजा उलाढाल ६० लाख, सगळा माल १८ टक्क्यांचा. वेळेवर कंपोझिशन योजना (छोट्या धंद्याला विक्रीवर ठरावीक कमी दराने कर) घेतली असती तर व्यापाऱ्याला १ टक्का, म्हणजे ६० हजार. पण ही योजना मागल्या तारखेने मिळत नाही. मग १८ टक्क्यांनी १० लाख ८० हजार, वर व्याज आणि दंड. शिवाय खात्यात जमा झालेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मेहुण्याने परत केलेले उसने, शेजाऱ्याला रोख देऊन घेतलेलं यूपीआय, भिशीचे पैसे, सगळं त्या बेरजेत येतं. म्हणून नोटीस आली की घाबरून क्यूआर काढू नका, उत्तर द्या: बँक स्टेटमेंटवर विक्री नसलेल्या नोंदींना खूण, प्रत्येकीपुढे कारण, करमुक्त मालाची खरेदी बिलं जोडून. आणि उद्यापासून धंद्याचं खातं वेगळं. घरखर्च आणि गल्ला एकाच बचत खात्यात ठेवणं, सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

कंपोझिशन दीड कोटीपर्यंत मिळते. हॉटेलवाल्याला दर ५ टक्के. दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत कर भरण्याचा फॉर्म सीएमपी-०८, वर्षाचं विवरणपत्र जीएसटीआर-४ आता ३० जूनपर्यंत. विक्री शून्य असली तरी भरायचंच. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट नाही, परराज्यात माल विकता येत नाही. बिलावर 'बिल ऑफ सप्लाय' लिहायचं.

नोंदणीला सरकारी फी नाही, तरी काम अडतं ते एका कागदापाशी: गाळ्याचं लाईट बिल. भाड्याच्या जागेला भाडेकरार आणि मालकाच्या नावचा पुरावा लागतो, आणि मालक तो देत नाही, कारण त्याचं भाडंही रोखीत, कागदाबाहेर. होलसेलवाला कच्च्या चिठ्ठीवर माल देतो, त्याचंही तेच. क्यूआर लावणारा या साखळीतला सगळ्यात छोटा माणूस, आणि दिसतो तोच. अनौपचारिक धंदा कमी करायचा असेल तर आधी मालक आणि होलसेलर यांच्याकडे बघावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

कागदावर येण्याचा मोबदलाही हवा. पीएम स्वनिधी या केंद्राच्या कर्ज योजनेची रचना त्या दृष्टीने शहाणपणाची आहे. पथविक्रेत्याला पहिलं कर्ज आता १५ हजार, ते फेडलं की २५, मग ५० हजार, तारणाशिवाय, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत. क्यूआरवरची रोजची जमा इथे उपयोगी पडते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणीही फुकट आहे, आधार आणि पॅन घेऊन स्वतः करता येते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला आणि सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइटला पैसे देऊ नका. सॉफ्टवेअरवाल्यांना इथे मोठं काम आहे: मराठीत चालणारं, नेट गेलं तरी बिल काढणारं आणि यूपीआयच्या जमेतून विक्री कोणती, उसनं कोणतं हे त्याच रात्री विचारणारं साधं ॲप. ३१ मार्चला वर्षभराच्या नोंदी आठवत बसणं कोणालाच जमत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट. जीएसटी घेतला की राज्याच्या व्यवसाय कराची नोंदणी (पीटीईसी) मागे लागते, वर्षाला २,५०० रुपये. एजंट हे आधी सांगत नाहीत.