साडेचार सूत

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असा निरोप आला. लिहायला बसलो तर पाचवी ‘ब’ आणि गणिताच्या बाई यांच्यापुढे गाडी सरकेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

तेव्हा आमच्या घरी चार माग होते, वडील स्वतःच जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि नट आवळायच्या पान्यांची बोली तिसरीच: चार सूत, साडेचार सूत, पाच सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक. तरी बाईंनी फळ्यावर ५/८ आणि ९/१६ लिहून मोठा कोणता विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, “९/१६! वरचा आकडा मोठा, खालचाही मोठा.” कुणी हसलं नाही, निम्म्या वर्गाचं उत्तर तेच होतं.

बाई म्हणाल्या, “घरी माग आहेत ना रे तुझ्या? पाच सूत मोठं की साडेचार?”

“पाच.”

“मग साडेचार सूत म्हणजे सोळा भागांतले किती?”

बोटं मोजली. नऊ. आणि पाच सूत म्हणजे दहा! “छेद सारखे झाल्याशिवाय अंशांची तुलना करायची नाही,” एवढंच बोलून बाईंनी दुसऱ्या दिवशी तीन पाने आणायला सांगितले.

खिडकीजवळचा तो डुगडुगता बाक आठवतो ना? त्याच्या नटावर अर्ध्या इंचाचा पाना चढेना, ५/८ चा नुसता गरगर फिरे. ९/१६ चा खटकन बसला. बाक घट्ट झाला. इकडे घरी पान्यावाचून दोन माग सकाळभर बंद. संध्याकाळी वडिलांनी माझेही नट आवळले. हे बाईंना कधी सांगितलं नाही.

आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, माल परदेशात जातो. नवे माग मिलिमीटरचे. चौदाचा पाना जुन्या ९/१६ च्या नटावर केसभरासाठी अडतो. नव्या पोरांना ‘पाच सूत’ म्हटलं तर ती धाग्याचा कोन आणून देतात! परवा एकाने मोबाइलवर भागाकार केला आणि ०.६२५ पेक्षा ०.५६२५ मोठं म्हणाला, आकडे जास्त म्हणून. मला पाचवी ‘ब’ दिसली.

शाळेत आता वेल्डिंगचे बाक आहेत म्हणे, नटच नाहीत. तरी बाईंच्या सत्काराच्या दिवशी तो ९/१६ चा पाना खिशात घालून येतोय. बाई ओळखतील.