तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीचे डोंगर आपल्या माणसांना सोपे गेले का?

माझी सगळी नोकरी माणगावात इतिहास शिकवण्यात गेली. आता निवृत्त झालो, तरी रायगडाकडे निघालेली मंडळी भेटतात. माणगावात इटलीत लढताना पडलेले नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तो दाखवला की बोलणं दुसऱ्या महायुद्धावर येतं आणि मग तोच प्रश्न येतो. "सर, ही सह्याद्रीतली माणसं, मावळ्यांचे वंशज. डोंगर तर त्यांच्या रक्तातच. इटलीतले डोंगर त्यांना काय जड जाणार?" विचारणारा प्रेमानं विचारतो, अभिमानानं विचारतो. म्हणूनच एकदा सविस्तर लिहितो.

जड गेले. फार जड गेले. आणि 'रक्तातच होतं' असं म्हटलं की त्या पोरांनी शिकून, सोसून जे कमावलं त्याचं श्रेय आपण त्यांच्याकडूनच काढून घेतो.

आधी ते डोंगर कसले होते ते बघू. इटलीच्या मधोमध अपेनाइन्स नावाची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. उत्तरेकडे ती वळते आणि देश जवळजवळ आडवा कापते. 4 जून 1944 ला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं (आपली भारतीय फौज इंग्रजांसोबत त्यांच्याच बाजूला) आणि जर्मन सैन्य उत्तरेला मागे सरकू लागलं. त्यांचा सेनापती फील्ड मार्शल केसेलरिंग या आडव्या रांगेवर शेवटची तटबंदी उभारत होता. पश्चिमेला मासा नावाचं शहर, पूर्वेला एड्रियाटिक किनाऱ्यावर पेसारो, मध्ये तीनशे किलोमीटरच्या आसपास डोंगर. हीच 'गॉथिक लाइन'. तिचं नाव पुढे हिटलरच्या हुकमानं बदलून नुसतं 'हिरवी लाइन' केलं, कारण भारदस्त नावाची फळी फुटली तर शत्रूला मिरवायला मिळालं असतं. सैन्यात मात्र जुनंच नाव राहिलं.

तटबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरूज आणि दरवाजा येतो. तिथे तसलं काही दिसत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. हजारो माणसांना वेठीला धरून खडकात खंदक खणले होते, दोन हजारांवर मशीनगनची ठाणी काँक्रीटमध्ये बसवली होती, पँथर रणगाड्यांचे बुरूज काढून जमिनीत पुरले होते. तोफेची नळी तेवढी गवतातून बाहेर. ठाणी अशी योजलेली, की एकावर चालून जाणारा दुसऱ्या दोघांच्या माऱ्यात सापडावा. बरेचदा जर्मन शिपाई समोरच्या उतारावर नसायचेच, ते माथ्याच्या पलीकडच्या अंगाला दबा धरून असायचे. खालून तोफांचा भडिमार करा, समोरचा उतार भाजून निघेल, पण ते सुखरूप. तुम्ही धापा टाकत माथ्यावर पोचलात, आभाळाच्या कडेला तुमची आकृती उमटली, की मग त्यांची मशीनगन सुरू. एमजी 42 ही त्यांची मशीनगन मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या सोडी.

आणि वाटेत सुरुंग. एका सुरुंगाबद्दल मुद्दाम सांगतो. 'शू' नावाचा तो सुरुंग म्हणजे लाकडाची लहानशी पेटी, आत पाव किलोपेक्षाही कमी स्फोटक, वर झाकण. पाय पडला की झाकण दाबलं जायचं आणि पाऊल जायचं. माणूस बहुतेक वेळा मरत नसे, पण त्याला उचलायला आणखी दोघे लागत, आणि त्या दोघांचेही पाय त्याच जमिनीवर पडत. पेटी लाकडाची, त्यामुळे धातू शोधणारं यंत्र तिथे जवळपास मुकं. मग एकच उपाय. पोटावर झोपायचं, संगीन तिरकी धरून माती वीत वीत टोचत जायची, टोक लाकडाला लागलं की हातानं अलगद माती बाजूला करायची. अंधारात, पावसात, वरून गोळीबार चालू असताना. आपल्याकडची पोरं गुरं घेऊन, गवताचे भारे घेऊन डोंगर चढायची हे खरं. पण डोंगरातल्या माणसाला ओळखीच्या वाटेचा भरवसा असतो. इथे शत्रूनं वाटच आधी पेरून ठेवलेली. घरच्या डोंगरानं शिकवलेलं इथे उलट अंगावर यायचं.

यशवंत घाडगे गॉथिक लाइनपर्यंत पोचले नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. पुष्कळ ठिकाणी तसं लिहिलेलं दिसतं. ते पळसगावचे, आपल्याच माणगाव तालुक्यातले. 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. जुलै 1944 मध्ये त्यांची पलटण वरच्या तिबर नदीच्या खोऱ्यात होती. गॉथिक लाइनचं काम पुरं व्हायला जर्मनांना वेळ हवा होता, म्हणून ते दक्षिणेकडची एकेक टेकडी अडवून धरत होते. 10 जुलैला घाडगेंची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते थेट ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. ठाणं पडलं, पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळालं.

या प्रसंगात मला रक्त दिसत नाही, पलटण दिसते. घाडगेंची ही तिसरी पलटण (लिहिताना 3/5 मराठा) त्याआधी 1941 मध्ये आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनला लढली होती. तिथेही इटालियन सैन्य उघड्या खडकाळ शिखरांवर बसलेलं आणि आपली माणसं खालून चढणारी. तेव्हा पलटणीचे कमांडर होते डेनिस रीड. तेच पुढे इटलीत 10 व्या भारतीय डिव्हिजनचे (अनेक पलटणींच्या मोठ्या फौजेचे) जनरल झाले. उघड्या उतारावर दोन माणसांत अंतर किती ठेवायचं, तोफांचा मारा थांबल्यावर किती क्षणांत माथा गाठायचा, पाणी आणि गोळ्या वर कोणी आणि कधी न्यायच्या, हे केरेनला माणसं गमावून शिकलेलं होतं. ते सुभेदारांकडून हवालदारांकडे, हवालदारांकडून नव्या पोरांकडे गेलं. सैन्यात अनुभव असाच हातोहात जातो.

'रक्तात' या शब्दाला माझा विरोध आहे, त्याचं आणखी एक कारण आहे. हा हिशेब इंग्रजांनी मांडला होता. कुठल्या जाती लढाऊ आणि कुठल्या नाहीत याच्या त्यांनी याद्या केल्या. त्या याद्यांनी आपल्याच कोकणातल्या महार समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याची दारं बंद केली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत असलेली घरं ती! दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनर शिपायांची वस्तीच होती, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी त्यांतलेच. पुढे पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली, गरज संपली तशी 1921 मध्ये मोडली, आणि 1941 मध्ये पुन्हा बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात या माणसांचं रक्त बदललं होतं का? बदलली होती ती सरकारची सोय. म्हणून कोणी कौतुकानं 'लढाऊ रक्त' म्हणालं तरी मला तो शब्द नकोसा वाटतो.

कोकणातली पोरं फौजेत गेली ती मुख्यतः पोटासाठी. खाचरं लहान, भात वर्षभर पुरत नाही, मग मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. मनीऑर्डरवर घर चालायचं. त्यांना कोणी सक्तीनं नेलं नव्हतं. त्या महायुद्धात सुमारे 25 लाख भारतीय भरती झाले, सगळे स्वेच्छेनं. पण स्वेच्छा या शब्दात आपल्याकडच्या उन्हाळ्यातली रिकामी कणगीही धरावी लागते.

आता खुद्द गॉथिक लाइनची गोष्ट. मोठा हल्ला 25 ऑगस्ट 1944 ला एड्रियाटिकच्या बाजूनं सुरू झाला. सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सच्या उत्तरेला, वाटा नसलेल्या उंच भागात 8 वी भारतीय डिव्हिजन घुसली. तिच्यात 1/5 मराठा, म्हणजे त्याच रेजिमेंटची पहिली पलटण होती. फेमिना मोर्ता या डोंगराचे माथे या डिव्हिजननं घेतले आणि त्या भागात फळी फुटली. नकाशावर पाहिलं तर इथे युद्ध संपायला हवं होतं. पण पाऊस सुरू झाला.

पावसाचं कौतुक कोकण्याला काय सांगायचं, असं कोणीही म्हणेल. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या फौजीकडून मी लहानपणी ऐकलंय, की तो पाऊस वेगळाच होता. आपला पाऊस भिजवतो, पण अंग गारठून मरत नाही. तिथे पावसामागून बर्फ आलं. चिकणमाती अशी, की ट्रक आसापर्यंत रुतायचे, पूल वाहून जायचे, आणि शेवटी सगळी मदार खेचरांवर. चढणीला खेचरं चालायची, पण उतरणीला त्यांचे पाय सुटायचे. त्यांना रात्रीच न्यायचं, कारण दिवसा पलीकडच्या माथ्यावरून सगळं दिसायचं. वर जाताना गोळ्या, पाणी, रसद, आणि येताना जखमी. ते आजोबा लढाईबद्दल फारसं बोलत नसत, खेचरांबद्दल मात्र तासन् तास बोलत. एका खेचराची तर त्यांना आयुष्यभर हळहळ होती.

फळी फुटली तरी पुढे नद्या होत्या. डोंगरातून एड्रियाटिककडे धावणाऱ्या, एकीमागून एक, आणि प्रत्येक नदीवर जर्मनांची नवी फळी. डिसेंबर संपता संपता दोन्ही सैन्यं जागच्या जागी थिजली. सगळा हिवाळा तसाच गेला.

9 एप्रिल 1945 ला शेवटचा हल्ला सेनियो नदीवर झाला. आपल्याकडे खाडीला खारबंदिस्तीचा बांध असतो ना, तसे या नदीला दोन्ही काठांनी बांध होते, फक्त पुष्कळ उंच, आणि जर्मनांनी ते आतून पोखरून त्यात मशीनगन बसवलेल्या. 1/5 मराठाचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्या होते. ते कोकणातले नव्हेत, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. कंपनीचं भयंकर नुकसान झालं, तेव्हा त्यांनी गोळीबारात, खोल पाण्यातून दोन जखमींना एकेक करून बांधापलीकडे आणलं. परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला जखम झाल्यावर बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. मग बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत घरी परतले. इथे डोंगर नव्हताच, सपाट मळे आणि एक नदी. 'डोंगर रक्तात' म्हणणाऱ्यांनी जाधवांना कुठे बसवायचं?

2 मे 1945 ला इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती झाली. इटलीत पन्नास हजारांवर भारतीय लढले आणि 5,782 जण परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांचे. घाडगेंची कबर नाही, त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. 2023 मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. फोर्लीला भारतीय सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं तिथे एका स्मारकावर कोरलेली आहेत.

विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात कोणीतरी 'इटलीत गेलेला' असतो, पण नावापलीकडे काही माहीत नसतं. तो परतला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा, ती इंटरनेटवर खुली आहे. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. रायगड म्हणून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये बदललं, यादीत तो कुलाबाच आहे. नावांची स्पेलिंगं इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत, तेव्हा दोन-चार तऱ्हांनी लिहून बघा. आणि तो परतला असेल तर पेन्शनचे कागद, पदकं, जुनी पत्रं पोत्यात टाकण्याआधी मला दाखवा. पाच पट्ट्यांची तांबडी, पांढरी, हिरवी, पांढरी, तांबडी फीत आणि खाली सहा टोकांचा तारा असेल, तर तो इटली स्टार आहे.