हद्दवाढीनंतर गिरणीचा परवाना: हरकतीपासून अपिलापर्यंत

आमचे गाव महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्याची प्रारूप अधिसूचना निघाली, तेव्हा गावात चर्चा होती ती घरपट्टी किती वाढेल याची. मला काळजी होती ती सासऱ्यांनी सुरू केलेल्या आणि आता मी चालवत असलेल्या पिठाच्या गिरणीची. ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यावर इतकी वर्षे चाललेला हा व्यवसाय उद्या कोणत्या कागदावर चालणार, याचे उत्तर गावात कोणाकडेच नव्हते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 3 नुसार राज्य सरकारला महानगरपालिकेशी विचारविनिमय करून हद्द बदलता येते. मात्र त्याआधी अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. आमच्याकडे अनेकांनी एकाच छापील मजकुरावर सह्या केल्या. मी स्वतंत्र हरकत दिली आणि तिच्यात विलीनीकरणाला सरसकट विरोध न करता दोनच मुद्दे मांडले. अनुसूचीत दिलेली गावाची सीमा गावठाणाच्या कडेला ज्या गट क्रमांकांवर संदिग्ध होती ते क्रमांक लिहून दिले. आणि ग्रामपंचायतीने दिलेले व्यवसायाचे दाखले नवीन परवाना मिळेपर्यंत ग्राह्य धरावेत, अशी मागणी केली. आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही, आणि हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

सुनावणी थोडक्यात आटोपली. अधिकाऱ्यांनी गट क्रमांक नकाशावर पाहून टिपून घेतले, दाखल्यांचा मुद्दा नोंदवला आणि पुढचे नाव पुकारले. अंतिम अधिसूचनेत सीमा स्पष्ट झाली, परंतु दाखल्यांबद्दल एक ओळही नव्हती. हद्दवाढ कायमचीच असते असे नाही. पुण्यात 2017 मध्ये घेतलेल्या अकरा गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळली गेली आणि 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. पण धंदा करणाऱ्याला सरकारचा विचार बदलेपर्यंत थांबता येत नाही. गाव समाविष्ट होताच ग्रामपंचायत संपुष्टात येते आणि तिचे दप्तर महानगरपालिकेकडे जाते. म्हणून ते हलण्याआधीच मी ना हरकत दाखला आणि नमुना 8 चे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचे, जुन्या वर्षांपासूनचे उतारे यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवल्या. या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचे काम हेच ठरले.

पुढे परवान्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. पत्रात एवढेच होते की निवासी भागात यंत्रावर चालणाऱ्या व्यवसायास परवानगी देता येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याचा उल्लेख करून मी कारणे आणि स्थळपाहणीचा अहवाल मागितला. अहवाल हाती आला तेव्हा समजले की पाहणीत गिरणी ‘नव्याने सुरू केलेली’ अशी नोंद झाली होती. सगळा नकार त्या दोन शब्दांवर उभा होता.

अपील उपायुक्तांपुढे चालले. वकील दिला नव्हता. मुद्देवार लेखी म्हणणे, सोबत पानांवर क्रमांक घातलेले कागद आणि वर अनुक्रमणिका, एवढीच तयारी होती. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागातील सेवा उद्योगांना अश्वशक्तीच्या आणि जागेच्या मर्यादेत मुभा आहे, हा मुद्दा मी आधी मांडला आणि मोटरची क्षमता दाखवणारे वीजजोडणीचे कागद दिले. उपायुक्तांनी ते बाजूला ठेवून नमुना 8 चे उतारे मागितले. मिळकतीच्या वर्णनाच्या रकान्यात ग्रामसेवकाच्या तिरप्या अक्षरात ‘घर व पिठाची गिरणी’ असे लिहिलेले होते, पुढच्या उताऱ्यावर तेच, आणि त्याच्या पुढच्यावर हस्ताक्षर बदललेले, पण शब्द तेच. त्यांनी प्रत्येक उताऱ्यावरचे वर्ष मोठ्याने वाचले आणि लिपिकाला ती सगळी वर्षे रोजनाम्यात घ्यायला सांगितली. मग परवाना विभागाच्या प्रतिनिधीला विचारले, “ही गिरणी नवीन कशी?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. शेजारच्यांची आवाजाबद्दल तोंडी तक्रार असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा ती लेखी आहे का, एवढेच मी विनंतीपूर्वक विचारले. तशी कोणतीच तक्रार फाइलमध्ये नव्हती. तरीही शेजाऱ्यांची झोप हा खरा प्रश्न आहे असे मला वाटते, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळेतच गिरणी चालवण्याचे आणि मोटरखाली रबरी गाद्या बसवण्याचे हमीपत्र मी स्वतःहून दिले.

आदेशात नकार रद्द झाला आणि त्याच अटींवर परवाना मंजूर झाला. बाहेर पडण्यापूर्वी मी रोजनाम्याच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला, कारण गावातल्या इतर दोन गिरण्या आणि एका लोहारकामाच्या दुकानाची प्रकरणे अजून प्रलंबित आहेत. त्यांच्या पाहणी अहवालांतही ‘नव्याने सुरू केलेली’ असेच लिहिले आहे. त्यांचे नमुना 8 चे उतारे आम्ही आता मिळूनच काढत आहोत.