भिंतीची ओल

माझं काम भिंतीवरचं चित्र सुरू व्हायच्या आधी संपतं. परांची बांधायची, भिंत घासायची, पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा. चित्र काढून घेणारी संस्था कशी आहे हे मला पहिल्या फोनवरच कळतं. बहुतेकजण विचारतात, "किती स्क्वेअर फूट? किती दिवसांत?" या वेळी संस्थेच्या बाईंनी विचारलं, "त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

पलीकडे आठ बिऱ्हाडांच्या मोऱ्या होत्या. अलीकडे खार फुटलेला. नख लावलं की पोपडा हातात.

मी सवयीने म्हणालो, "सीलर मारू. ओल दबेल, उद्घाटन निघून जाईल." असं मी पूर्वी केलेलं. एका संस्थेला चार दिवसांत भिंत हवी होती, पाहुणे ठरलेले. जूनमध्ये चित्रातल्या कोळणीचा अर्धा चेहरा गटारात पडला आणि चाळकऱ्यांचे फोन मला. संस्थेच्या बोर्डावर माझा नंबर नव्हता, तरी त्यांनी शोधला!

प्रत्येकाची तऱ्हा निराळी, हे मान्य. 2009 मध्ये तुळशी पाइप रोडच्या भिंतीवर कुणीही यावं आणि आपला तुकडा रंगवावा, असा मामला होता. 2014 मध्ये वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आले, ते लांबून दिसण्यासाठीच. 2017 मध्ये ससून डॉकला तिथल्याच माणसांचे काळे-पांढरे फोटो कागदावर छापून भिंतींना चिकटवले. कागद किती टिकणार? पण टिकेल असं कुणी म्हणालंही नव्हतं. मला ते प्रामाणिक वाटलं.

बाईंनी रात्री भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोन टेपने लावायला सांगितला. सकाळी आतून थेंबच थेंब, म्हणजे भिंत ओली. चित्रकार पोरगा स्केच घेऊन उभा. पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, थेंब बघितले नि म्हणाल्या, "चित्र काढ रे बाबा, पण आधी आमचा पाइप बघा. तीन वर्षं अर्ज करतोय."

तासभर वाद झाला. रंगाचे पैसे पाइपात घालायचे का? पोरगा हट्टाला पेटला, मग गप्प झाला. शेवटी स्केच दुमडून त्याने अर्धं केलं. "एवढंच काढतो," म्हणाला. दुपारी रंगाऐवजी प्लंबर आला.

पुढे महिनाभर दर आठवड्याला मी चौकोन लावत होतो. चौथ्या खेपेला मी पोचायच्या आत आजींनीच टेप ओढून काढली होती. प्लॅस्टिक उजेडाकडे धरून बघत होत्या.

"कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "बोलव त्याला."