माघ शुद्ध पंचमी : आंजर्ले ते कर्दे

पहाट. दापोलीच्या किनाऱ्याने आंजर्ल्याहून दक्षिणेला कर्द्यापर्यंत पायी. आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला पूर्ण भरती आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तिथीची पाऊणपट काढण्याचा हा कोळ्यांचा हिशेब अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण चालणाऱ्याला तेवढा पुरतो. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पाणी उतरत असताना निघायचं आणि चढायला लागायच्या आत पुळण (वाळूचा किनारा) संपवायची, एवढंच आजचं वेळापत्रक. उशिरा निघालं तर तेच अंतर भुसभुशीत कोरड्या वाळूतून कापावं लागतं आणि पोटऱ्या दुपारच्या आतच भरून येतात.

साडेसहा. आंजर्ल्याचा किनारा. रात्रीचा मुक्काम वाडीतल्या अंगणात होता, किनाऱ्यावर नाही. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात. माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परतते, आणि पिल्लं बाहेर पडतात तेव्हा जिकडे उजेड तिकडे धावतात. ज्या किनाऱ्यावर घरटी आहेत तिथे तंबू लावूच नये. यात सवलत नाही.

चालायचं ते नुकत्याच ओल्या झालेल्या घट्ट पट्ट्यावरून. पाऊल जेमतेम उमटलं पाहिजे. किनारा समुद्राकडे उतरता असतो. दक्षिणेकडे जाताना उजवा पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूचा गुडघा, घोटा आधी दुखतो. ओहोटी पूर्ण होत आली की खालचा पट्टा सपाट मिळतो, लांब पुळण तेव्हाच चालून घ्यावी.

जोग नदीची खाडी पुलावरून. ओहोटीला पात्र उथळ दिसतं म्हणून कुणी पाण्यात उतरू नये. तळाशी चिखल आहे, आणि ओसरणाऱ्या पाण्याची ओढ पाठीवर दहा किलोची सॅक असताना पाय टिकू देत नाही.

पाजपंढरीपासून हर्णैपर्यंत पायाखाली डांबर, नाकात सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि उजव्या हाताला पाण्यातला सुवर्णदुर्ग. किनाऱ्यालगतच्या कातळावरून वाट काढायचा मोह आवरावा. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि शेवाळावर कुठलाच तळवा धरत नाही. हर्णैत पाणी भरून घ्यायचं, माणशी तीन लिटर. मीठ-साखरेचं पाणी तहान लागायच्या आधीपासून घोटघोट. इथेच मोजे काढून झटकायचे. बोटांत अडकलेली वाळू तासाभरात फोड आणते, आणि फोड यायच्या आधी, नुसतं चुरचुरू लागलं की लगेच पट्टी लावली तर उद्याचा दिवस वाचतो.

अकरानंतर खारा वारा सुटला. मुरूडची पुळण त्या वाऱ्यात, चढत्या पाण्याच्या कडेने. कर्द्याला पोहोचेपर्यंत चालायला अरुंद पट्टाच उरला होता.

संध्याकाळी तंबूची जागा. घरटी कुठे आहेत ते आधी गावात विचारलं, सुरूच्या बनामागची जागाही मालकाला विचारूनच घेतली. मर्यादवेल दिसते तिच्या आत, जमिनीकडे. नाव उगाच पडलेलं नाही, रोजच्या भरतीचं पाणी सहसा तिला ओलांडत नाही. भरतीने मागे टाकलेली काडीकचऱ्याची ताजी रेघ नुसती पाहून जागा ठरवणं धोक्याचं. आत्ता उधाण ओसरून भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे, चाललंय, रेघ रोज खाली येतेय. पण दशमी-एकादशीपासून ती रोज कालच्यापेक्षा वर चढते, शिवाय हिवाळ्यातल्या उधाणात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. झोपेत पाणी शिरतं ते बहुधा यामुळे. माडाखाली तर तंबू नकोच. नारळ नाही तर झावळी, काहीतरी पडतंच.

वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. चार कापडी पिशव्या वाळूने भरून, तोंडं दोरीने आवळून, हात-दीड हात खोल पुरल्या. तंबूची दोरी पिशवीच्या मध्याला बांधलेली, वर वाळू पायाने चेपून घट्ट. दोऱ्या चारही बाजूंना हव्यातच. संध्याकाळी वारा समुद्राकडून, पण पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, आणि एकाच बाजूला ताणलेला तंबू तेव्हा अंगावर बसतो. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या. थंडी वाजते म्हणून त्या बंद केल्या की श्वासाचं पाणी आतून ठिबकतं, बाहेरून दंव पडतंच, आणि सकाळी ओला तंबू किलोभर तरी जड होतो.

दिवा लाल, तोही तंबूच्या आतच. मध्यरात्रीच्या आधीच चंद्र मावळेल.

उद्या षष्ठी. भरती साडेचारला, ओहोटी सव्वादहाच्या आसपास. लाडघरकडचं टोक कातळाचं, ते रस्त्याने ओलांडायचं. निघायला आजच्यापेक्षा पाऊण तास उशीर चालेल.