आमची वाटचाल : लांबी न भरणारं गॅरेज

आम्ही कोल्हापुरात जुन्या फियाट गाड्या मुळापासून नव्या करतो, कुजलेली जागा लांबीने, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीने, झाकत नाही. हायवेवरच्या काचेच्या शोरूमवाल्यांनी मध्यंतरी एक गुळगुळीत पत्रक छापलं. त्यात मुखपृष्ठावर एक पांढरी फियाट डिलाइट आहे. खाली लिहिलंय, 'आमच्या कुशल हातांची किमया'. त्या गाडीची डिकी उघडा, मॅट उचला, डाव्या कोपऱ्यातला जोड बघा. तिथे पंचने मारलेले तीन बारीक ठिपके दिसतील. ती आमच्या भागीदाराची, चाचांची खूण. गाडी आमच्या शेडमध्ये उभी राहिली, सांगलीच्या मालकांनी ती पुढे विकली, शोरूमवाल्यांनी घेतली, पॉलिश मारलं आणि किमया त्यांची झाली. आमची वाटचाल लिहायची असं घरात बरीच वर्षं चाललं होतं. हे पत्रक बघितलं आणि त्या रात्रीच बसलो.

सुरुवात 1994 ची. शाहूपुरीत भाड्याचा गाळा, पत्र्याचं छत, पुढे एक नांदुरकीचं झाड. मी त्याआधी उद्यमनगरात बोअरिंगच्या मशिनवर होतो. ट्रॅक्टर, जीप, ऊस ओढणारे ट्रक, जे येईल त्याच्या इंजिनाचे ब्लॉक बोअर करायचे, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून गोल करायचे. चाचा मुंबईत कुर्ल्याला टॅक्सीच्या पत्र्याचं काम करत होते, सासुरवाडी मिरजेची, म्हणून इकडे आले. माझं इंजिन, त्यांचा पत्रा, अशी भागीदारी ठरली. कागद केला नाही. नफ्याचे दोन सारखे वाटे, आणि गुढीपाडवा नि ईद दोन्हीला गॅरेज बंद.

तेव्हा फियाट म्हणजे क्लासिक वगैरे काही नव्हतं. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून अजून बाहेर पडत होती. तो कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं. 1944 ला कंपनी, पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटशी करार, मग आपली 'डुक्कर फियाट', 1964 पासून डिलाइट, आणि सत्तरीत करार संपला तशी तीच गाडी पद्मिनी झाली. नाव बदललं तरी आत तेच 1089 सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा. ज्या गाडीसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तीच गाडी मारुती आल्यावर लोक भंगाराच्या भावात काढायला लागले. आमच्या दारात गिऱ्हाईक यायचं ते 'जरा चालू करून द्या, विकायचीय' म्हणत.

आम्हाला या वाटेला लावलं ते निपाणीच्या डॉक्टरसाहेबांनी. त्यांच्या वडिलांनी घेतलेली 1966 ची डिलाइट, म्हैसूर राज्याच्या काळातला नंबर. व्हिजिटला तीच न्यायचे. फ्लोअर एवढा कुजला होता की पावसात चाकाचं पाणी पायावर यायचं. मी म्हटलं, साहेब, खर्च गाडीच्या किमतीवर जाईल. ते म्हणाले, "मी तुम्हाला किंमत विचारलीच नाही. होईल का ते सांगा." चाचा गाडीखाली सरकले, हातोडीच्या मागच्या टोकाने सगळीकडे टकटक करून बाहेर आले आणि म्हणाले, "आवाज अजून जिवंत आहे."

या गाडीला वेगळी चेसी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालचा बॉक्स कुजला की गाडी मधून बसते, मग दारं लागत नाहीत. लोक दारं घासतात, बिजागऱ्या वाकवतात. मूळ दुखणं खाली असतं. चाचांनी आधी गाडीच्या आत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून आकार धरून ठेवला, मग बॉक्स कापला. 20 गेजचा सी.आर. पत्रा, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), लाकडी मोगरी, वाळूची पिशवी, एवढ्यावर त्यांनी फ्लोअर, बॉक्स आणि मडगार्डचा खालचा भाग नवा केला. वेल्डिंग करताना ते एकसलग टाका मारत नसत. इथे एक टिपका, मग हातभर लांब दुसरा, मध्ये ओलं फडकं. पत्रा तापून फुगला की तो पुन्हा सहजी सरळ होत नाही. आता आमच्याकडे मिग वेल्डिंग आहे, पत्र्याला गोलाई देणारं व्हील मशीन आहे, पण नव्या पोरांना मी आधी महिनोन् महिने डॉली-हातोडीच धरायला लावतो. कुरकुरतात. कुरकुरू देत.

डॉक्टरसाहेबांची गाडी पूर्ण झाल्यावर त्यांनी पैसे दिले ते दिलेच, वर ओळखीच्या प्रत्येक माणसाला गाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. पुढची कामं अशीच आली. 1999 पासून 2011 पर्यंतचं काय लिहू? कामं आली, झाली, पैसे मिळाले, पोरीचं लग्न झालं. मधल्या काळात पद्मिनी बंद झाली आणि आम्ही कुर्ल्याच्या भंगारातून टॅक्सीचे किंगपिन, गिअरचे दांडे, व्हील सिलिंडर पोत्यांनी आणून ठेवले. आज ते सोन्यासारखे वापरतो. बोनेटवरची अक्षरं मिळेनात तेव्हा हुपरीच्या एका चांदीवाल्याकडून डाय करून घेतली. पैंजणाचे डाय करणारा माणूस, त्याला 'पद्मिनी' काय जड! त्याने अक्षराची कड मूळच्यापेक्षा साफ काढली, मीच ती थोडी बोथट करायला लावली.

मग हे शोरूमवाले आले. नाव घेत नाही, कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. वातानुकूलित हॉल, पांढरी फरशी, गाडीवर वरून दिवे. सुरुवातीला आमच्याकडे चहाला येऊन बसायचे, "दादा, तुम्हीच आमचे गुरू" वगैरे. एके दिवशी आमचा रंगारी दुप्पट पगारावर गेला. माणूस चार पैशांसाठी जातो, त्याचं मला वाईट वाटलं नाही. चाचांनाही बोलावणं आलं होतं. ते जाऊन शेड बघून आले. म्हणाले, "तिथं हातोडीचा आवाजच नाही. माझं तिथं काय काम?"

खरंच काम नव्हतं. कुजलेल्या जागेवर जाळी लावायची, वर फायबर, वर बोटभर लांबी, मग वॉटर पेपर, प्रायमर, पीयू रंग आणि कंपाउंड. आम्हाला लागतो त्याच्या पाव वेळात गाडी आरशासारखी. किंमत मात्र आमच्या दीडपट, कारण फोटो छान येतात. आमची जुनी गिऱ्हाइकं विचारायला लागली, त्यांच्याकडे दोन महिन्यांत होते, तुमच्याकडे वर्ष का? काय सांगणार! रंगाखाली काय आहे हे कोण बघतो?

बघायचं असेल तर एक उपाय आहे, फुकटचा. लहान लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जायचा नाही, आणि गाडीवरून फिरवा. चाकाच्या कमानी, दाराचा खालचा काठ, हेडलाइटच्या मागची जागा, डिकीचं तळ. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही किंवा वर लांबीचा थर आहे. कागदाइतकी लांबी आम्हीही लावतो, सगळेच लावतात, त्यावर चुंबक धरतो. आणि गाडी विकत घेताना दार जरा उचलून बघा, मग मालकाचं भाषण ऐका.

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. आमच्या गाळ्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ होती. इंजिनं, गिअरबॉक्स, सगळं त्या रेघेच्या वर मांडणीवर चढवलं, गाड्या ठोकळ्यांवर घेतल्या. पाणी रेघ ओलांडून मांडणीही गिळून वर गेलं. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, हुपरीचे डाय आणि कामाच्या वह्या माळ्यावरून शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेल्या. गाड्या उचलून कुठे नेणार? चाकं काढलेली, दोन तर नुसता सांगाडा. महामार्ग बंद, वीज बंद, आणि आम्ही गच्चीवरून छताचे पत्रे मोजत होतो.

पाणी उतरल्यावर आत गाळ होता, आणि त्याला डिझेलचा वास. ब्रेक ड्रम धरून बसलेले, सीटमधला काथ्या कुजायला लागलेला, नवीन केलेल्या वायरिंगमध्ये चिखल. विम्याचा माणूस आला, त्याने गाड्यांची किंमत पुस्तकातली लावली. म्हणजे भंगाराची. ज्या गाडीवर मालकाने लाखो रुपये लावले तिला स्कूटरचे पैसे. मालकांचे फोन सुरू झाले. काही बिचारे समजून होते, काहींनी वकिलाची नोटीस धाडली. बँकेचा हप्ता थांबला. बायकोच्या पाटल्या गेल्या, हे ती लिहू नका म्हणाली होती.

आणि त्याच आठवड्यात शोरूमवाल्यांनी आमच्या गिऱ्हाइकांना फोन केले. "त्यांच्याकडची गाडी पाण्यात गेली, आता ती कामातून गेली, आमच्याकडे आणा, आम्ही बघतो." पूर आलेल्या गावात माणसं एकमेकांना भाकरी पोचवत होती, आणि हे गिऱ्हाइकं पळवत होते. तीन गाड्या गेल्या. पत्रकातली पांढरी डिलाइट त्यातली नव्हे, ती आधीची. पण तिच्या शेजारी उभी असलेली निळी गेली, तिचं अजून लागतं.

महामार्ग खुला झाला तसे डॉक्टरसाहेब आले. त्यांची गाडी आमच्याकडे नव्हती, त्यांचं काहीच अडकलेलं नव्हतं. बुटात चिखल भरून घेत शेडभर हिंडले आणि म्हणाले, "माझ्याकडे वडिलांच्या मित्राची पद्मिनी पडून आहे. तिचं काम धरा. हा पूर्ण ॲडव्हान्स." ती पद्मिनी त्यांना नको होती हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. त्या पैशांत पोरांचे पगार झाले.

बुडालेल्या गाड्या आम्ही एकेक करून उठवल्या. इथे सांगून ठेवतो, पुरात बुडालेली गाडी चालू होते का ते बघायला कधीही स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये डिझेल सोडा. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, तिन्हीकडचं ऑइल टाकून द्या. गाळ बसलेला असतो म्हणून एकदा स्वस्त ऑइल घालून फिरवा आणि तेही टाका. ब्रेक फ्लुइड पाणी ओढतं, ते संपूर्ण बदला. फियाटचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, मध्ये घाण पाणी राहिलं तर पाण्याच्या वाटांशी हेड खात जातं, म्हणून हेड उतरवाच. आणि जुन्या गाडीचा विमा घेताना किंमत आधी बोलून लेखी ठरवा. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते, एजंट हे सांगत नाही.

पाण्याने एक काम मात्र चोख केलं. त्या पुरात गावातल्या पार्किंगांमधून शोरूमवाल्यांनी केलेल्या गाड्याही बुडाल्या होत्या. वरून धुतल्या, पुसल्या, पुन्हा चकाचक. लांबी पाणी पिते, आणि प्यालेलं पाणी खाली पत्र्याला देते. पुढच्या उन्हाळ्यात, लॉकडाऊनमध्ये गाड्या उन्हात उभ्या असताना, त्यांना फोड यायला लागले. मालक फोनवर फोटो पाठवायचे. एकाच्या मागच्या मडगार्डवर अंगठा दाबला तर पापुद्रा हातात आला, खाली जाळी. आमच्या बुडालेल्या गाड्यांचा रंग गेला, सीटं गेली, पत्रा जागच्या जागी होता. नेलेल्या तीन गाड्यांपैकी दोन परत आल्या. निळी नाही आली.

गाळा सोडून आम्ही गोकुळ शिरगावला एमआयडीसीत आलो. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा शेड कोरडी होती. चाचा ती शेड बघायला होते, वर्षभरच. आता त्यांचा नातू पत्र्यावर आहे, आणि खूण तीन ठिपक्यांचीच ठेवली आहे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली, त्या बातमीनंतर फोन थांबेनात. ज्यांनी वीस हजारांना गाडी हाकलली तेच आता विचारतात, कुठे मिळेल का? मिळेल, पण कागद बघून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमाने 'व्हीए'चा विंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार फी. मात्र ती गाडी मग रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांच्यासाठीच बाहेर काढायची. रोज मंडईला न्यायची असेल तर साधीच नोंदणी नूतनीकरण करून घ्या. आणि ए.सी. पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, पेट्रोलचे रबरी पाइप आधी बदला, इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घाला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर ते सोसत नाही. आपल्याच उसाने आपलीच फियाट बंद पाडावी, हा कोल्हापूरकराला मिळालेला खास मान.

सध्या आमच्याकडे डॉक्टरसाहेबांची तीच डिलाइट पुन्हा आली आहे, इंजिनला. त्यांचा मुलगा आणून लावून गेला. शेजारी एक डुक्कर फियाट आहे, पुढची दारं उलटी उघडणारी. तिचं सगळं झालंय, फक्त पुढच्या डाव्या दाराचं बाहेरचं हँडल मिळत नाही. कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कळवा. निकल गेलेलं, वाकलेलं, कसंही चालेल. फक्त मूळचं हवं, आणि शोरूमवाल्यांना आधी सांगू नका.